लाईट गेली, हे संगणकाला कळू द्या

पिंपळनेरला लाईट जायला एक कारण नसते. मे महिन्यात वळवाच्या वादळाने फांदी तारांवर पडते, कुठे डीपी जळते, कधी एकच फेज जातो. पश्चिमेच्या डोंगराकडून पाऊस सुरू झाला की तारा एकमेकींना लागतात आणि फीडर ट्रिप होतो. ‘लाईट उनी का?’ हा प्रश्न बाजारपेठेत दुकानादुकानांतून ऐकू येतो, आणि दुकानांमध्ये आता संगणकही आहेत. कांद्याच्या व्यापाऱ्याकडे भुईकाट्याला जोडलेला, दूध संकलन केंद्रात फॅटची नोंद ठेवणारा, पतसंस्थेतला, शाळेच्या लॅबमधला, वाचनालयात पुस्तकांची देवघेव लिहिणारा. यांतले काही लिनक्सवर चालतात. ग्रंथालयांसाठीचे ‘कोहा’ बहुधा डेबियन किंवा उबंटूवर बसवलेले असते, आणि सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. हा लेख अशा संगणकाशेजारी ठेवलेल्या यूपीएसबद्दल आहे. त्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावणारा प्रोग्राम फुकट मिळतो, अर्ध्या दिवसात बसतो, आणि तरीही फार थोड्या ठिकाणी बसवलेला दिसतो.

यूपीएस आहे, पण संगणकाला पत्ता नाही

लाईट गेली की यूपीएस शिट्टी वाजवू लागतो. माणूस समोर असेल तर तो काम आवरतो आणि संगणक बंद करतो. पण रात्री दोन वाजता दुकान बंद असताना ती शिट्टी ऐकायला कोणी नसते. बॅटरी वीसेक मिनिटे तग धरते, मग संपते, आणि संगणक धाडकन बंद पडतो. यूपीएस नसता तरी हेच झाले असते, फक्त वीस मिनिटे आधी.

धाडकन बंद पडण्याने नेमके काय बिघडते, हे समजून घेतले पाहिजे. डिस्कवर लिहायची माहिती आधी मेमरीत थांबलेली असते आणि तेवढी जाते. लिनक्सची ‘ईएक्सटी४’ ही फाइल-व्यवस्था जर्नल ठेवते, त्यामुळे फायलींचा सांगाडा सहसा वाचतो. अर्धवट लिहिलेल्या फायलीतला मजकूर वाचेलच असे नाही. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखे डेटाबेस अपुरे व्यवहार मागे घेऊन सावरतात, पण त्यासाठी डिस्कने ‘लिहिले’ म्हटल्यावर खरोखर लिहिलेले असावे लागते. स्वस्त एसएसडी आणि रास्पबेरी पायमधली मेमरी कार्डे इथेच दगा देतात. पतसंस्थेच्या खात्यांचा किंवा दुधाच्या पंधरवड्याच्या हिशेबाचा प्रश्न असेल तर हा धोका पत्करू नये असे माझे ठाम मत आहे.

घरचा इन्व्हर्टर आणि गच्चीवरचे सोलर

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ हे उत्तर नेहमी मिळते. मोठ्या ट्यूब्युलर बॅटरीचा इन्व्हर्टर तासन्तास चालतो हे खरे. पण घरगुती इन्व्हर्टरला संगणकाशी जोडायची डेटा केबल सहसा नसते, म्हणून बॅटरी किती उरली हे संगणकाला कधीच कळत नाही. अनेक जण इन्व्हर्टरच्या पुढे छोटा यूपीएसही लावतात. तशा मांडणीत यूपीएसच्या लेखी इन्व्हर्टरची वीज हीच लाईनची वीज असते. बाहेर अंधार असला तरी तो ‘लाईन चालू’ असेच सांगतो आणि इन्व्हर्टर संपल्यावरच जागा होतो. ही मांडणी चालते, मात्र मग संगणक नीट बंद करायला वेळ मिळतो तो फक्त यूपीएसच्या छोट्या बॅटरीचा, हे धरून चालावे. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर काही यूपीएस ती वीज खराब समजून सारखे बॅटरीवर जातात. तिथे साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा.

सोलरबद्दलही गैरसमज आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. ती वीज ग्रिडमध्ये जाते, आणि गावातली लाईन तुटली की गावाला तिचा उपयोग नसतो. गच्चीवरच्या ऑन-ग्रिड सोलरचेही तसेच. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ग्रिड गेल्याबरोबर ते स्वतःहून बंद होते. दुपारच्या कडक उन्हातही मग संगणकाला आधार यूपीएसचाच.

यूपीएस घेताना

मागच्या बाजूला यूएसबीचे डेटा पोर्ट आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. दुकानात सर्वांत जास्त खपणाऱ्या ६०० व्हीएच्या स्वस्त यूपीएसला ते बऱ्याचदा नसते, आणि ते नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. काही यूपीएसला मोबाइल चार्ज करायचे यूएसबी असते, त्याला फसू नये. खोक्यावर ‘कम्युनिकेशन’ किंवा ‘मॉनिटरिंग’ असा उल्लेख शोधावा.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, साधारण ३६० वॅट. आत बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास येतात. १०० वॅटच्या भाराला कागदावर पन्नास मिनिटे निघतात, पण जोरात वीज ओढली की बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही आणि काही वीज रूपांतरातच जाते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा वेळ मिळाला तरी चांगला म्हणावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नये. त्याचा तापणारा भाग क्षणात आठशे-हजार वॅट ओढतो.

नट की एपीसीयूपीएसडी

युनिक्स घराण्यातल्या प्रणालींसाठी दोन प्रोग्राम प्रचलित आहेत. ‘एपीसीयूपीएसडी’ एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी आहे. तो सोपा आहे, एकाच फायलीत सगळी मांडणी होते; पण त्याची ३.१४.१४ ही शेवटची आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. दुसरा ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, सगळे त्याला ‘नट’ म्हणतात. रसेल क्रोल यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची सुरुवात केली, पुढे इतरांनी तो वाढवला आणि २०२२ मध्ये २.८.० ही मोठी आवृत्ती आली. त्यात शेकडो मॉडेलांसाठी ड्रायव्हर आहेत. सिनॉलॉजीच्या स्टोरेज पेट्यांमध्ये आणि ट्रूनॅसमध्येही आतून हाच चालतो.

पिंपळनेरला जो यूपीएस मिळेल तो घ्यावा लागतो, आणि तो बिघडल्यावर धुळ्याहून किंवा नाशिकहून दुसऱ्याच कंपनीचा येतो. म्हणून मी नटच बसवायला सांगतो. यूपीएस बदलला तर ड्रायव्हरची एक ओळ बदलते, बाकीची मांडणी तशीच राहते. दोन्ही प्रोग्राम मात्र एकाच वेळी चालवू नयेत. यूएसबी पोर्ट एकाने धरले की दुसऱ्याला ते मिळत नाही.

नटची रचना

नटमध्ये तीन थर आहेत. सर्वांत खाली ड्रायव्हर, तो यूएसबीवरून यूपीएसशी बोलतो. त्याच्यावर ‘यूपीएसडी’ हा सर्व्हर. ड्रायव्हरने आणलेली माहिती तो मागेल त्याला ३४९३ या पोर्टवर देतो. तिसरा ‘यूपीएसमॉन’. तो दर काही सेकंदांनी स्थिती विचारतो आणि वेळ आली की संगणक बंद करतो. बिघाड शोधताना हे थर खालून वर तपासत जावेत. ड्रायव्हर चालत नसेल तर यूपीएसमॉनच्या फायलीत डोके घालून उपयोग नाही.

बसवणी

डेबियन, उबंटू किंवा बॉसवर ‘नट’ हे पॅकेज एपीटीने उतरवावे. मांडणीच्या फायली ‘ईटीसी’खालच्या ‘नट’ फोल्डरात येतात. फ्रीबीएसडीवर त्या ‘यूजर-लोकल-ईटीसी’खाली असतात. पॅकेज बसल्यावर यूपीएसची यूएसबी केबल एकदा काढून पुन्हा लावावी. पोर्ट वापरण्याची परवानगी नटच्या वापरकर्त्याला केबल लागण्याच्या क्षणी मिळते, त्यामुळे आधीपासून लागलेल्या केबलवर ‘परवानगी नाही’ असा संदेश येत राहतो. नव्याने बसवणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

मग ‘नट-स्कॅनर’ चालवावा. तो जोडलेला यूपीएस ओळखून ‘यूपीएस डॉट कॉन्फ’ फायलीत टाकायच्या ओळी तयारच देतो: चौकटी कंसात एक नाव (ते आपण बदलू शकतो), ड्रायव्हर आणि पोर्टसमोर ‘ऑटो’. नामांकित कंपन्यांच्या यूपीएसना ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ हा ड्रायव्हर लागतो. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या स्वस्त यूपीएसना बहुधा ‘नटडीआरव्ही-क्यूएक्स’ लागतो.

दुसरी फाइल ‘नट डॉट कॉन्फ’. डेबियनमध्ये तिच्यात ‘मोड’समोर ‘नन’ लिहिलेले असते, म्हणजे काहीच सुरू होत नाही. एकाच संगणकासाठी तिथे ‘स्टँडअलोन’ लिहावे. तिसऱ्या फायलीत यूपीएसमॉनसाठी वापरकर्ता आणि पासवर्ड ठरवावा, आणि ती फाइल फक्त रूट व नट गटालाच वाचता येईल अशी ठेवावी. तोच वापरकर्ता व पासवर्ड चौथ्या फायलीत, ‘यूपीएसमॉन डॉट कॉन्फ’मधल्या ‘मॉनिटर’ या ओळीत येतो. ओळीच्या शेवटी ‘प्रायमरी’ लिहायचे, २.८.० च्या आधीच्या आवृत्तीत तिथे ‘मास्टर’ लागते. नव्या पुस्तिका पाहून जुनी आवृत्ती बसवणारे या एका शब्दापाशी अडखळतात.

सेवा पुन्हा सुरू करून ‘यूपीएस’ला जोडून ‘सी’ अशा चार अक्षरांच्या आज्ञेने, पुढे यूपीएसचे नाव देऊन, माहिती मागवावी. बॅटरीचा चार्ज, तिचे व्होल्टेज, भाराची टक्केवारी, लाईनचे व्होल्टेज अशी यादी आली की अर्धे काम झाले. यादीतली ‘स्थिती’ महत्त्वाची: ‘ओएल’ म्हणजे लाईन चालू, ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर, ‘एलबी’ म्हणजे बॅटरी संपत आली, ‘आरबी’ म्हणजे बॅटरी बदला.

केव्हा बंद करायचे

नट आपणहून ‘ओबी’ आणि ‘एलबी’ दोन्ही एकत्र दिसेपर्यंत थांबतो आणि मग संगणक बंद करतो. ही पद्धत नव्या बॅटरीला ठीक आहे. जुनी बॅटरी मात्र साठ टक्के दाखवता दाखवता एकदम बसते, आणि ‘एलबी’चा इशारा येण्याआधीच वीज जाते. एपीसीयूपीएसडीत तर पाच टक्के चार्ज किंवा तीन मिनिटे उरल्यावर बंद करायचे असे मुळात ठरलेले असते. आपल्याकडच्या बॅटऱ्यांसाठी ती मर्यादा फारच काठावरची आहे.

स्वस्त यूपीएसची अडचण वेगळीच. ते चार्जची टक्केवारी पाठवतच नाहीत, फक्त व्होल्टेज पाठवतात, आणि नट त्यावरून अंदाज बांधतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी तो १०.४ ते १३ व्होल्ट असा पट्टा धरतो. भार पडताच व्होल्टेज खाली येते, त्यामुळे लाईट गेल्यागेल्याच टक्केवारी शंभरावरून एकदम उतरलेली दिसते. तो आकडा कल पाहायला बरा. त्यावर निर्णय सोपवू नये.

म्हणून खान्देशातल्या कुठल्याही संगणकावर मी वेळेवर चालणारी मांडणी पसंत करतो. नटमध्ये ‘यूपीएसशेड’ नावाचा सोबती आहे. लाईट गेली की तो ठरवलेला टायमर सुरू करतो आणि लाईट आली की रद्द करतो. टायमर पूर्ण झाला तर एका छोट्या स्क्रिप्टमधून यूपीएसमॉनला सक्तीने बंद करण्याची आज्ञा जाते. तीन ते पाच मिनिटे ठेवावीत. आपल्याकडे दहा-वीस सेकंदांचे झटके सतत येतात, त्यांनी संगणक बंद होणार नाही. पाच मिनिटे होऊन गेली तर समजावे की लाईनमनला खांबावर चढावे लागणार आहे. बॅटरी निम्मी शिल्लक असतानाच संगणक नीट बंद होतो, आणि उरलेली निम्मी पुढच्या वेळेला उपयोगी पडते.

हा पुढच्या वेळेचा विचार महत्त्वाचा आहे. छोट्या यूपीएसची बॅटरी पूर्ण भरायला सहा ते आठ तास लागतात. वादळाच्या दिवसांत दुपारी, संध्याकाळी आणि रात्री अशी लाईट गेली तर बॅटरी मधे कधीच भरत नाही, आणि तिसऱ्या वेळेला पाच मिनिटेही मिळत नाहीत. टायमरसोबत ‘एलबी’ची मर्यादाही वर ओढून ठेवावी. नटला यूपीएसचा स्वतःचा इशारा दुर्लक्षित करून तीस टक्क्यांना ‘संपत आली’ समजायला सांगता येते. टक्केवारी खरी पाठवणाऱ्या यूपीएसलाच हे लागू करावे.

लाईट परत आल्यावर

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि सकाळी दुकान उघडल्यावर संगणक बंदच सापडतो.

असे समजा, लाईट गेली, टायमर संपला, संगणकाने बंद व्हायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात लाईट आली. संगणक अर्ध्यावरून मागे फिरत नाही, तो बंद होतोच. यूपीएसचा पुरवठा मात्र एकदाही तुटलेला नाही, त्यामुळे वीज ‘परत आली’ असे संगणकाला कधीच जाणवत नाही. कोणी बटण दाबेपर्यंत तो तसाच पडून राहतो.

यावर नटमध्ये पक्का उपाय आहे. बंद होण्याआधी यूपीएसमॉन एक खुणेची फाइल लिहून ठेवतो. तिचा पत्ता ‘पॉवरडाउनफ्लॅग’ या ओळीत दिलेला असतो. प्रणाली अगदी शेवटच्या टप्प्यात, डिस्क सुरक्षित झाल्यावर, ती खूण पाहते आणि यूपीएसला सांगते, ‘थोड्या वेळाने आपला पुरवठा तोड, आणि लाईन असेल तेव्हा पुन्हा सुरू कर.’ ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ ड्रायव्हरमध्ये तोडण्याआधीचा वेळ मुळात वीस सेकंद आणि पुन्हा सुरू करण्याचा तीस सेकंद असतो. डिस्क जुनी आणि सावकाश असेल तर दोन्ही वाढवावेत, आणि दुसरा नेहमी पहिल्यापेक्षा मोठा ठेवावा. काही यूपीएसना ठरावीक चार्ज होईपर्यंत पुन्हा सुरू न होण्याचीही सोय असते. वारंवार लाईट जाणाऱ्या भागात ती जरूर वापरावी, म्हणजे रिकाम्या बॅटरीवर संगणक उठून पुन्हा पडणार नाही.

संगणकाच्या बायोसमध्येही एक गोष्ट बदलावी लागते. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा अशाच नावाच्या पर्यायात ‘पॉवर ऑन’ निवडावे.

चाचणी

चाचणी घेतल्याशिवाय ही मांडणी बसली असे म्हणता येत नाही. पहिल्या चाचणीत भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपसू नये. बटणाने फक्त फेज तुटतो, अर्थिंग कायम राहते. काही सेकंदांत स्थिती ‘ओएल’वरून ‘ओबी’वर गेली पाहिजे आणि बटण चालू करताच परतली पाहिजे.

दुसऱ्या चाचणीत सगळी कामे आवरून, डेटाबेसचा बॅकअप घेऊन, यूपीएसमॉनला सक्तीच्या बंदची आज्ञा हाताने द्यावी. संगणक बंद होतो का, नंतर यूपीएसचा पुरवठा खरोखर तुटतो का, आणि काही सेकंदांनी संगणक आपोआप उठतो का, ही तिन्ही गोष्टी समोर बसून पाहाव्यात. तिसरी होत नसेल तर बायोस पुन्हा तपासावे.

तिसरी चाचणी बॅटरीची. संगणकाची पॉवर केबल यूपीएसवरून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावी, यूएसबी केबल तशीच ठेवावी, आणि यूपीएसवर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावावा. एलईडी बल्ब चालणार नाही, त्याचा भार फारच कमी. यूपीएसमॉन तात्पुरता थांबवावा, नाहीतर तो मधेच संगणक बंद करील, आणि ‘यूपीएसलॉग’ सुरू करावा. तो दर तीस सेकंदांनी चार्ज, लाईनचे व्होल्टेज, भार आणि स्थिती एका फायलीत लिहीत जातो. मग यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करून बल्ब विझेपर्यंत थांबावे. संगणक भिंतीच्या विजेवर आणि यूपीएसमॉन थांबलेला असल्याने त्याला काही होत नाही. बॅटरी किती मिनिटे चालली आणि टक्केवारी किती खोटी होती, दोन्ही त्या फायलीत दिसते. टायमर किती ठेवायचा हे त्यावरूनच ठरवावे.

एकापेक्षा जास्त संगणक

शाळेच्या लॅबमध्ये मोठ्या यूपीएसवर अनेक यंत्रे असतात. ज्याला यूएसबी केबल आहे त्यावर ‘नेटसर्व्हर’ आणि बाकींवर ‘नेटक्लायंट’ असे मोड ठेवावेत. बाकीचे आधी बंद होतात, केबलवाला शेवटी. नेटवर्कचा स्विचही यूपीएसवरच हवा, नाहीतर निरोप पोहोचणारच नाही. ३४९३ हे पोर्ट लॅबच्या बाहेर, इंटरनेटला, उघडे ठेवू नये.

उन्हाळा, बॅटरी आणि व्होल्टेज

लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. धुळे-जळगावात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छताखालच्या गाळ्यात त्याहून वर. खोक्यावर तीन ते पाच वर्षे लिहिलेली बॅटरी इथे दोन उन्हाळ्यांतच थकली तर नवल नाही. यूपीएस पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकवून किंवा गोण्यांच्या मागे कोंबून ठेवू नये, हवा खेळेल अशा जागी जमिनीलगत ठेवावा. बल्बची चाचणी दरवर्षी फेब्रुवारीत, उन्हाळ्याआधी, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा घ्यावी. मिनिटे पहिल्या नोंदीच्या निम्म्यावर आली की ‘आरबी’ची वाट न पाहता बॅटरी बदलावी आणि नवीन बॅटरीवर मार्करने तारीख लिहावी. जुनी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याला परत द्यावी. तिच्यात शिसे असते आणि ती परत घेण्याची व्यवस्था कायद्यानेच केलेली आहे.

यूपीएसलॉग कायम चालू ठेवला, अंतर मात्र पाच मिनिटांचे केले, तर लाईनच्या व्होल्टेजची वहीच तयार होते. लघुदाबाच्या वीजपुरवठ्यात २३० व्होल्टच्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४, इतका फरक मान्य आहे. यूपीएसची मोजणी मीटरइतकी अचूक नसते, दोन-चार व्होल्ट इकडे-तिकडे धरावेत. तरीही रोज संध्याकाळी सात ते नऊ व्होल्टेज १८० वर येत असेल तर ते या नोंदीत स्वच्छ दिसते. अशी महिन्याभराची नोंद अर्जाला जोडून महावितरणच्या कार्यालयात दिली, तर ‘आमच्याकडे व्होल्टेज कमी असते’ या तोंडी तक्रारीपेक्षा तिची दखल घेणे सोपे जाते, कारण त्यात तारीख आणि वेळ दोन्ही असतात.